मार्सलीन देबोर्द-वालमोर : ‘अश्रूंची कवयित्री’ या शिक्क्यामागे

फ्रेंच क्रांतीनं कुणाकुणाच्या पोटावर पाय आणला याच्या हिशेबात फेलिक्स देबोर्दचं नाव सहसा कुणी घेत नाही. उत्तर फ्रान्समधल्या दुए या गावात तो सरदार-उमरावांच्या बग्ग्यांवर त्यांच्या घराण्यांची चिन्हं रंगवायचा. १७८९ नंतर ही चिन्हं मिरवणं अंगाशी येऊ लागलं आणि देबोर्दचा धंदा बसला. त्याची मुलगी मार्सलीन तेव्हा तीन वर्षांची होती. पुढे ती नटी झाली, कवयित्री झाली, कादंबरीकार झाली. पण या सगळ्याची सुरुवात बापाच्या त्या बंद पडलेल्या धंद्यात आहे.

घर मोडल्यावर आई तिला घेऊन कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर निघाली. तिथं नात्यातलं कुणी सधन माणूस आहे, त्याचा आधार मिळेल, एवढ्याच भरवशावर. वाटखर्चासाठी पोरीला वाटेतल्या गावांत रंगमंचावर उभं राहावं लागलं. मायलेकी पोचल्या ती वेळ मात्र वाईट होती. नेपोलियनच्या फौजेनं १८०२ मध्ये तिथलं बंड चिरडून रद्द झालेली गुलामगिरी पुन्हा लादली होती आणि पिवळ्या तापाची साथही सुरू होती. १८०३ मध्ये आई त्या तापानं गेली. मार्सलीन एकटीच जहाजानं परतली. त्या बेटावर पाहिलेलं तिनं वाया जाऊ दिलं नाही. १८२१ साली आलेल्या तिच्या कथासंग्रहातल्या ‘सारा’ या दीर्घकथेचा विषय गुलामगिरीच आहे. तिच्यावर लिहिणाऱ्यांनी ही कथा फार काळ बाजूलाच ठेवली, कारण ती ‘अश्रूंच्या कवयित्री’च्या चौकटीत बसत नव्हती.

परतल्यावर दुए, लील, रुआँ, पॅरिस, ब्रसेल्स अशी नाटकाची फिरती सुरू झाली. संगीतकार ग्रेत्रीनं पॅरिसच्या ऑपेरा-कॉमिक या संगीतनाट्यगृहात तिला आधार दिला. ती गायचीही. पुढे समीक्षक सँत-बवला लिहिलेल्या पत्रात तिनं सांगितलंय, की विशीत दुःखांमुळे गाणं सोडावं लागलं, स्वतःचाच आवाज ऐकून रडू यायचं. पण डोक्यात चाल घुमत राहायची आणि नकळत विचार त्या चालीत बसायचे. ते लिहून काढा, असं तिला अलिबेर नावाच्या डॉक्टरनं सुचवलं. हा मजकूर पुढच्या जवळपास प्रत्येक चरित्रकारानं उचलला आणि त्याचा अर्थ असा लावला, की बाईला काही येत नव्हतं, सगळं आपोआप झरत होतं. वास्तविक त्याच पत्रात ऐकू येतो तो लय-तालाचा तयार कान.

१८१६ मध्ये तिचा पाच वर्षांचा मुलगा गेला. पुढच्याच वर्षी ब्रसेल्समध्ये प्रोस्पेर वालमोर या नटाशी तिनं लग्न केलं. १८१९ मध्ये पहिला कवितासंग्रह आला. हे साल लक्षात ठेवायला हवं. फ्रेंच स्वच्छंदतावादी कवितेची पहाट म्हणून लामार्तीनच्या ज्या संग्रहाचं नाव घेतात, तो १८२० चा. म्हणजे ‘मी’च्या तोंडून बोलणारी विरहाची, विलापाची नवी कविता एका फिरत्या नटीनं त्याच्या आधी छापली होती. शालेय इतिहासात मान मात्र लामार्तीनला मिळाला.

१८२३ मध्ये तिनं रंगभूमी सोडली. नवऱ्याला मात्र मिळेल त्या नाटकमंडळीत काम धरावं लागे, त्यामुळे बिऱ्हाड सतत हलत राहिलं : बोर्दो, ल्योन, पॅरिस, पुन्हा ल्योन. घरखर्चाला हातभार म्हणून ती कथा, बालगीतं, कादंबऱ्या लिहायची. १८३३ साली एकाच वर्षात ‘आसवं’ हा कवितासंग्रह (प्रस्तावना आलेक्झांडर ड्यूमाची) आणि ‘चित्रकाराची कार्यशाळा’ ही कादंबरी आली. कादंबरीतला म्हातारा चित्रकार तिच्या काकांवर, कोंस्ताँ देबोर्द यांच्यावर बेतलेला आहे. त्यांच्याकडे शिकणारी तरुण मुलगी ही नायिका. कथानक अश्रूप्रधान आहेच, पण चित्रकारांनी राहायला आणि कामाला धरलेला पॅरिसचा जुना मठ, तिथली गरिबी, मुलीनं कुंचला धरण्याबद्दलचे टोमणे, हे भाग आजही वाचवतात. प्रेमकथेची पानं मी तरी भराभर उलटली.

‘ऑलिव्हिए’ नावानं तिच्या कवितेत येणारा प्रियकर कोण, यावर अभ्यासकांनी शंभर वर्षं शाई खर्च केली. बहुतेकांचं बोट लेखक आँरी द लातूशकडे जातं. या खेळात ज्या कवितेकडे दुर्लक्ष झालं ती जास्त महत्त्वाची आहे.

एप्रिल १८३४. ल्योनच्या रेशीम विणकरांनी उठाव केला आणि सैन्यानं तो रक्तात बुडवला. मार्सलीन त्या वेळी ल्योनची रहिवासी होती. ‘रस्त्यात’ ही तिची कविता बायकांच्या तोंडी आहे. पहिलीच ओळ सांगते, की आमच्याकडे मेलेल्यांना पुरायला पैसे उरलेले नाहीत. पाद्री अंत्यविधीचे दर लावून उभा आहे. आणि गोळीबार करून आलेला विजेता शीळ घालत खजिन्याकडे निघालाय, रक्ताची किंमत वसूल करायला. तिच्या हयातीत ही कविता छापली गेली नाही. ज्या बाईला घरातल्या दुःखापलीकडे काही दिसत नाही असं समीक्षक सांगत राहिले, तिची ही कविता.

पुढची वर्षं कठीण गेली. १८३८ मध्ये नाटकमंडळीबरोबर मिलानला गेलेलं हे कुटुंब मंडळीचा व्यवहार बुडाल्यानं तिथंच अडकलं. इनेस १८४६ मध्ये गेली, ओंदीन १८५३ मध्ये. दोघी मुली आईच्या डोळ्यांदेखत. २३ जुलै १८५९ रोजी पॅरिसमध्ये मार्सलीनचं निधन झालं. पुढच्या वर्षी निघालेल्या ‘अप्रकाशित कविता’ या संग्रहात तिचं सर्वांत चांगलं लेखन आहे.

त्यातली ‘सादीचे गुलाब’ ही फक्त नऊ ओळींची. मूळ कल्पना फारसी कवी सादीच्या ‘गुलिस्ताँ’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतली : मित्रांसाठी फुलं भरून आणायला निघालेला माणूस सुगंधानं इतका धुंद होतो, की झग्याचा सोगा हातून सुटतो. मार्सलीननं तिथं बाई आणली. कमरपट्ट्यात इतके गुलाब कोंबलेत की गाठी तटातटा सुटतात, फुलं वाऱ्यावर समुद्रात जातात, लाट पेटल्यासारखी लाल दिसते. आणि संध्याकाळी ती म्हणते, माझ्या वस्त्राला अजून वास येतोय, ये, हुंगून घे. सादीकडचा अध्यात्माचा धागा इथं सरळ शृंगारात वळलाय, तोही एका ओळीचा फाफटपसारा न करता.

फ्रेंच कवी बोदलेअरनं १८६१ मध्ये तिच्यावर लिहिलं, भरभरून लिहिलं, पण सूर तोच : ती निसर्गतः कवी आहे, कारागिरीशी तिचा संबंध नाही. हा समज पहिल्यांदा मोडला कवी व्हर्लेननं. तिचं सगळं लेखन वाचायला त्याला कवी रँबोनं भाग पाडलं होतं. रँबो स्वतः १८७० मध्ये तिच्याच गावी, दुएमध्ये, राहून गेला होता. व्हर्लेननं ‘शापित कवी’च्या १८८८ च्या वाढीव आवृत्तीत तिला जागा दिली, त्या पुस्तकातली ती एकमेव स्त्री. तिथं त्यानं मुद्द्यावर बोट ठेवलं. फ्रेंच पद्य आपल्या अभंगासारखं अक्षरं मोजून चालतं आणि त्यातली राजमान्य ओळ बारा अक्षरांची. मार्सलीननं अकरा अक्षरांची ओळ वापरली. एक अक्षर कमी झालं की ओळ समान अर्ध्यांत तुटत नाही, चाल किंचित लंगडते, वाचणारा पुढे ओढला जातो. रँबो आणि व्हर्लेन यांनी हीच ओळ पुढे आपल्या कवितेत वापरली.

१८९६ साली दुएमध्ये तिचा पुतळा उभा राहिला. विसाव्या शतकात ऑस्ट्रियन लेखक स्टेफान त्स्वाइगनं जर्मनमध्ये तिचं चरित्र लिहिलं. तिच्या समग्र कवितांची चिकित्सक आवृत्ती यायला मात्र १९७३ साल उजाडलं. मार्क बेरत्राँ यांनी संपादित केलेले ते दोन खंड ग्रनोब्लच्या विद्यापीठ प्रकाशनानं काढले.