माध्यमप्रयोग आणि चित्रकाराची शैली

चित्रकाराने रंग, पृष्ठभाग, हत्यारे आणि रंग लावण्याच्या पद्धती हाताळून पाहणे, त्यांतले आपल्या हाताला मानवणारे ठेवणे, बाकीचे सोडून देणे आणि या निवडीतून स्वतःची ओळखू येणारी शैली घडवणे, या दीर्घ अभ्यासाला माध्यमप्रयोग म्हणतात. कलाशिक्षणात त्याला ठरलेली जागा असते. पण त्याचा मोठा भाग शिक्षण संपल्यावर, एकट्याने आणि वर्षानुवर्षे चालतो. शैली आधी मनात ठरते आणि मग तिला साजेसे रंग शोधले जातात, असा एक समज आहे. चित्रकारांच्या कामाकडे पाहिले तर बहुधा उलटे घडलेले दिसते. माध्यम हाताला अडवते, हात त्यातून वाट काढतो, आणि वाट काढण्याची ती सवयच पुढे शैली म्हणून ओळखली जाते.

‘शैली’ हा शब्द चित्रकलेत दोन अर्थांनी येतो. एखाद्या काळाची किंवा संप्रदायाची शैली ही गाण्यातल्या घराण्यासारखी असते. ती शिकता येते, शिकवता येते. दुसरी शैली म्हणजे एका माणसाचे हातवळण. चित्राच्या कोपऱ्यातली सही झाकली तरी चित्र कोणाचे हे ज्यामुळे कळते ते. या नोंदीत मुख्यतः दुसऱ्या अर्थाचा विचार केला आहे.

रंग कसा वागतो

कोणताही रंग मुळात दोन वस्तूंचा असतो: रंगद्रव्याची बारीक पूड आणि ती धरून ठेवणारे बंधक. अल्ट्रामरीन निळ्याची एकच पूड बाभळीच्या जातीच्या झाडाच्या डिंकात खलली की जलरंग होतो, जवसाच्या तेलात घोटली की तैलरंग, अंड्याच्या बलकात मिसळली की टेंपरा, मधमाश्यांच्या वितळलेल्या मेणात मेणरंग आणि ॲक्रिलिक रेझिनच्या दुधाळ मिश्रणात ॲक्रिलिक. निळा तोच, पण वागणूक पाच तऱ्हांची. नवशिक्याने माध्यम बदलून पाहावे असे सांगतात ते यासाठी. दुकानात रंगपेट्या अनेक आहेत म्हणून नव्हे.

वागणुकीतला हा फरक मुख्यतः सुकण्यात आहे. जलरंगातले पाणी उडून जाते, डिंक उरतो आणि पुन्हा पाणी लागले की विरघळतो. शिवाय जलरंग सुकल्यावर फिका पडतो, त्यामुळे ओल्यात बरोबर वाटलेली छटा सुकल्यावर दुबळी निघते. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागदच पांढरा राखायचा असतो. म्हणजे उजेड कुठे असणार हे कुंचला टेकवण्याआधी ठरलेले हवे. ॲक्रिलिकमधले पाणी उडाले की रेझिनचे कण एकमेकांत मिसळून पातळ पापुद्रा तयार होतो. तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. काही मिनिटांत थरावर थर देता येतो, मात्र दोन छटा एकमेकींत हळुवार मिसळायला वेळ मिळत नाही. ओल्या बंधकाचा दुधाळपणा सुकताना जातो, म्हणून ॲक्रिलिक जलरंगाच्या उलट थोडे गडद होते.

तैलरंग या अर्थाने सुकतच नाही. तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होते, आणि त्याला दिवस, कधी आठवडे लागतात. आतपर्यंत पक्के व्हायला तर कितीतरी महिने. रंगागणिकही फरक पडतो. अंबर या तपकिरी मातीत मँगनीज असल्यामुळे तो लवकर धरतो, म्हणून खालच्या थरासाठी पूर्वीपासून आवडीचा. तैलरंगाचा एक जुना नियम आहे: खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. उलटे केले तर वरचा थर आधी आवळतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला तडे जातात. या नियमापायी चित्रकाराला काम टप्प्याटप्प्याने करावे लागते. चूक खरवडून काढता येते, दुसऱ्या दिवशी त्याच ओल्या रंगावर परतता येते. ज्याचा स्वभाव फिरून फिरून विचार करण्याचा आहे त्याला हे माध्यम सोयीचे जाते. ज्याला एका बैठकीत मोकळे व्हायचे असते तो यात घुसमटतो.

बंधकाइतकाच स्वभाव रंगद्रव्यालाही असतो. जलरंगातला अल्ट्रामरीन खरखरीत कागदाच्या खळग्यांत बसतो आणि दाणेदार दिसतो. थॅलो हा कृत्रिम, अतिशय जोरकस निळा कागदाच्या तंतूंत शिरतो, सहजी निघत नाही, आणि चिमूटभर जास्त झाला तर सगळे मिश्रण गिळून टाकतो. ट्यूबवरचे नाव अनेकदा फसवे असते, म्हणून मागचा रंगद्रव्याचा संकेतांक वाचायला शिकावे. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी १५ म्हणजे थॅलो. एकाच रंगद्रव्याचा रंग मिश्रणात स्वच्छ राहतो, तीन-चार द्रव्यांचा लवकर मळतो.

नवे साहित्य आणि नव्या शैली

साहित्य बदलले की शैली बदलते, याचे दाखले इतिहासात जागोजागी आहेत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये प्रशियन निळा सापडला. तो जपानमध्ये पोहोचल्यावर होकुसाईच्या सुमारे १८३१ च्या लाटेच्या छापचित्राला तो खोल निळा मिळाला. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबता येणारी कथलाची ट्यूब काढली. त्याआधी घोटलेला तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. पिशवी टोचून रंग काढायचा आणि भोक कसेबसे बुजवायचे. ट्यूबमुळे तैलरंग उघड्यावर नेणे सोपे झाले, आणि दृक्प्रत्ययवादी (इंप्रेशनिस्ट) चित्रकारांच्या बदलत्या उजेडाच्या चित्रांमागे ही साधी सोयही आहे.

पृष्ठभागाचेही असेच. अस्तर (रंगाआधी कापडावर द्यायचा तयारीचा थर) दिलेला कॅनव्हास रंग वर धरून ठेवतो, कोरा कॅनव्हास पिऊन टाकतो. हेलन फ्रँकेन्थालरने १९५२ मध्ये टर्पेंटाइनने पातळ केलेला तैलरंग जमिनीवर पसरलेल्या कोऱ्या कॅनव्हासवर ओतला, आणि रंग कापडाच्या वर न बसता कापडातच मुरला. पुढल्या वर्षी ते चित्र पाहून मॉरिस लुई आणि केनेथ नोलंड यांनी आपापल्या कामाची दिशा बदलली. नुसते अस्तर वगळण्याने एवढे घडले. (तेल कोऱ्या कापडाला कालांतराने कुजवते, ही त्या पद्धतीची दुखरी बाजू. नंतर ॲक्रिलिकमुळे ती टळली.)

हत्याराची निवड बहुतेक जण कुंचल्यावर थांबवतात. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांनी प्रौढ काळात रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग मिसळण्याची लवचीक सुरी) यांनी तैलरंगाचे थर चढवले, उतरवले, आणि त्यांच्या चित्रांतला तो आतून उजळल्यासारखा पोत त्या चढ-उतारातून आला. कुंचल्याचा फटकारा मनगटाची खूण मागे ठेवतो. रोलर ती पुसतो. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये आर्ल येथे बोरूने रेखाटने केली. बोरूत शाई फार राहत नाही, रेघ लवकर तुटते. त्या तुटक रेघा, ठिपके आणि आखूड फटकारे त्याच्या तैलचित्रांतही दिसतात.

अभ्यासाच्या रीती

अनुकरण ही सर्वांत जुनी रीत. चेन्निनो चेन्निनी याने सुमारे १४०० च्या आपल्या हस्तपुस्तिकेत शिकणाऱ्याला एकच चांगला गुरू धरून त्याची नक्कल करायला सांगितले आहे. आज एकाची, उद्या दुसऱ्याची केली तर कोणाचीच रीत अंगी लागत नाही. एकाची मनापासून केली आणि उपजत कल्पकता असली तर शेवटी स्वतःची रीत सापडते, असे त्याचे म्हणणे. सहाशे वर्षांनंतरही हा सल्ला बराचसा टिकतो. नक्कल करताना मूळ चित्रकाराशी जिथे आपला हात जुळत नाही ती जागा टिपून ठेवावी. स्वतःच्या हाताची पहिली ओळख तिथे होते.

दुसरी रीत म्हणजे विषय एकच ठेवून माध्यम बदलणे. एक मडके जलरंगात, मग ॲक्रिलिकमध्ये जाड थराने, मग खडूने. विषयाची उत्सुकता संपली की लक्ष माध्यमाकडे वळते. याच्या उलट रीत, म्हणजे साहित्य आवळून धरणे, हीदेखील तितकीच फलदायी आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते अधिक. स्वीडिश चित्रकार अँडर्स झोर्न याच्या नावाने ओळखली जाणारी रंगयोजना पांढरा, पिवळी माती, हिंगुळी लाल आणि काळा एवढ्या चार रंगांची आहे. निळा नसताना काळा-पांढऱ्याचा करडा तांबूस छटेशेजारी निळसर दिसू लागतो. असे काही उमगायला पेटीत निळा नसावा लागतो.

तिसरी रीत मालिकेची. मोनेने १८९२ ते १८९४ या काळात रूआँच्या कॅथीड्रलची तीसहून अधिक चित्रे केली. जोसेफ आल्बर्सने १९५० पासून १९७६ मध्ये मृत्यू होईपर्यंत चौकोनात चौकोन ही एकच रचना हार्डबोर्डवर रंगवली. ट्यूबमधला रंग न मिसळता तो नाइफने लावायचा आणि कोणत्या कंपनीचा कोणता रंग वापरला हे फळीच्या पाठीवर लिहून ठेवायचा. ही शेवटची सवय कोणालाही उचलता येण्यासारखी आहे. छान जमलेला परिणाम कसा साधला होता हे चार महिन्यांनी कोणाला आठवत नाही. तारीख, कागद, रंग, पाणी किती, कशाने लावले हे मागच्या बाजूला लिहिले तर अपघात पुन्हा घडवता येतो.

नमुना-पट्ट्या करून पाहणे हा कंटाळवाणा, पण टाळू नये असा भाग. प्रत्येक रंग दाट आणि विरळ लावून पाहावा. अर्धी पट्टी झाकून बाकीची काही महिने उन्हाच्या खिडकीत ठेवावी. उडणारा रंग स्वतःहून कबुली देतो.

फसलेले प्रयोग

प्रयोग फसतो, आणि कधी थोरांचाही फसतो. लिओनार्दोने ‘शेवटचे भोजन’ (सुमारे १४९५–९८) ओल्या गिलाव्यावर न रंगवता कोरड्या भिंतीवर रंगवले, कारण ओल्या गिलाव्यावरच्या भित्तिचित्रात घाई करावी लागते आणि त्याला सावकाश फेरफार करायचे होते. रंग त्याच्या हयातीतच सुटू लागला. अलीकडचे जतनकार्य १९७८ पासून १९९९ पर्यंत चालले. व्हॅन गॉगच्या शयनगृहाच्या चित्रातल्या भिंती आज निळ्या दिसतात. त्याने त्या फिकट जांभळ्या रंगवल्या होत्या. मिश्रणातला लाल उडून गेला. इंग्रज चित्रकार जोशुआ रेनल्ड्स याने व्यक्तिचित्रांत वापरलेला किरमिजी त्याच्या डोळ्यांदेखत फिका पडला आणि चेहरे पांढुरके झाले.

आरोग्याचा प्रश्न वेगळा. शिशाचा पांढरा, पाऱ्यापासून होणारा हिंगूळ आणि कॅडमियमचे पिवळे-लाल विषारी आहेत. टर्पेंटाइनची वाफ बंद खोलीत त्रास देते. कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरण्याची सवय मोडावी, आणि कोरडी पूड किंवा खडूची धूळ फुंकू नये.

शोधापासून शैलीपर्यंत

हाताळून पाहणे आणि आत्मसात होणे यांत मोठे अंतर असते. जॅक्सन पोलॉकने १९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मेक्सिकन चित्रकार सिकेरोस याच्या प्रयोगशाळेत औद्योगिक रंग ओतताना, शिंपडताना पाहिले आणि स्वतः करूनही पाहिले. जमिनीवरच्या कॅनव्हासवर रंगाच्या धारा सोडण्याची त्याची ख्यातनाम पद्धत पक्की झाली १९४७ मध्ये. मधली अकरा वर्षे तो इतर बरेच काही रंगवत होता. तंत्र त्याच्याजवळ होते, त्याची गरज अजून उभी राहिली नव्हती.

अवनींद्रनाथ टागोरांची कथा आणखी बोलकी आहे. युरोपीय शिक्षकांकडून ते पेस्टल, तैलरंग, जलरंग शिकले होते. १९०३ मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कोलकात्यात आले. ताइकान रुंद कुंचल्याने चित्रावर पाणी फिरवी. अवनींद्रनाथ पूर्ण चित्रच पाण्यात बुडवून काढू लागले, सुकल्यावर पुन्हा रंग, पुन्हा पाणी. त्यातून जे धूसर वॉश-तंत्र निघाले ते जपानी राहिले नाही आणि इंग्रजी जलरंगाचेही नव्हते. जामिनी रॉय (१८८७–१९७२) यांनी तर मिळवलेले सोडून दिले. तैलरंगातल्या व्यक्तिचित्रणात हात बसलेला असताना ते बंगालच्या पटचित्रांकडे वळले. माती, खडू, नीळ असे साधे रंग आणि चिंचोक्यांची खळ त्यांनी जवळ केली. ते रंग सपाट बसतात. त्यांच्या आकृतींतली ठाम, वळणदार बाह्यरेषा आणि तो सपाटपणा एकमेकांना धरून आहेत.

माध्यमे बदलत राहण्याचे व्यसनही लागू शकते. दर महिन्याला नवे साहित्य घेणाऱ्याला प्रत्येक माध्यमाची सुरुवातीची गंमत मिळते; ते अडू लागते त्या सुमारास तो पुढच्याकडे गेलेला असतो. माध्यम पुरते अडण्याइतका काळ त्याच्यापाशी राहावे लागते. किती, याचे माप नाही, पण एका वहीभर कामाच्या आत निकाल लावू नये. दुसऱ्या टोकाला शैली लवकर ‘सापडण्याचा’ धोका आहे. लोकांना आवडलेली एक युक्ती चित्रकार पुन्हा पुन्हा वापरतो आणि शैलीची जागा साचा घेतो.

पक्की झालेली शैलीही माध्यमाबरोबर पुन्हा हलू शकते. १९४१ मधल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मातीसला उभे राहून रंगवणे कठीण झाले. त्याने सहायकांकडून कागद ग्वाश (अपारदर्शक जलरंग) रंगांनी रंगवून घेतले आणि तो कात्रीने आकार कापू लागला. रेषा आणि रंग या दोन गोष्टी आजवर वेगवेगळ्या वेळी करायच्या असत, त्या कात्रीच्या एका फिरवण्यात होऊ लागल्या. तेव्हा त्याचे वय सत्तरीच्या पुढे होते.