जावा-येझदीचे इंजिन घरी उघडताय? आधी हे वाचा
जुन्या टू-स्ट्रोक २५० सीसी गाड्यांच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

इंजिन घरीच उघडायचे, साफ करायचे आणि फक्त बोअरिंगसाठी (सिलिंडरचे भोक, म्हणजे बोअर, मशीनवर नव्या मापाचे करण्यासाठी) ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, आमच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये आणायचा, असे करणारे ग्राहक आता बरेच आहेत. हे काम घरी होण्यासारखे आहे. एकच सिलिंडर, ना व्हॉल्व्ह, ना कॅम, ना टायमिंग चेन. चांगले पाने, दोन पुलर (घट्ट बसलेला भाग ओढून काढायचे हत्यार), एक फिलर गेज (फट मापायच्या पातळ पट्ट्या) आणि सवड असली की निम्म्याहून जास्त काम तुमच्या हातून नीट होते. पण आमच्या टेबलावर येणारी कितीतरी इंजिने चालवून झिजलेली नसतात, उघडताना बिघडलेली असतात. हे पत्रक त्यासाठी.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून आधी जावा आणि पुढे येझदी या नावाने गाड्या निघाल्या. १९९६ मध्ये उत्पादन थांबले. आज बाजारात मिळणारे भाग बहुतेक नव्याने बनवलेले आहेत आणि त्यांच्या मापात व धातूत फरक असतो. २०१८ नंतर आलेल्या नव्या जावाचे इंजिन फोर-स्ट्रोक आहे. त्याचे भाग इथे बसत नाहीत. म्हणून नवा भाग जुन्याशेजारी ठेवून मापल्याशिवाय जुना भंगारात टाकू नका. कंपनीचा झिजलेला भागही पुष्कळदा दुरुस्त होतो.

धुण्याची घाई नको

इंजिन फ्रेममधून उतरले की पहिला हात डिझेलच्या डब्याकडे आणि ब्रशकडे जातो. तो आवरा. इंजिनला काय झाले आहे हे त्यावरची घाणच सांगते. ती धुऊन टाकली की आम्हालाही नुसता अंदाज बांधावा लागतो. आधी चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा. तेल कुठे ओले आहे, धूळ कुठे कोरडी आहे, डायनॅमोच्या कव्हरखाली तेलकटपणा आहे का, ते पाहा. प्लग काढून तसाच ठेवा, पुसू नका.

हेड आणि ब्लॉक निघाल्यावर पिस्टन उजेडात धरा. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर इंजिन तापले आहे: ऑइल कमी पडले किंवा कुठून तरी जादा हवा आत आली. ओरखडे चार ठिकाणी, जवळपास सारख्या अंतरावर असतील तर बोअर घट्ट होता किंवा गाडी थंड असतानाच जोरात पळवली गेली. पहिल्या प्रकारात नुसते बोअरिंग करून दिले तर नवा पिस्टनही तसाच जाम होईल. हवा कुठून येते ते आधी शोधायला हवे.

ती बहुतेक वेळा क्रँकच्या, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, ऑइल सीलमधून येते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी चेंबरमध्ये (क्रँक ज्यात फिरतो त्या खालच्या पेटीत) येते, खाली येणाऱ्या पिस्टनने दाबले जाते आणि ट्रान्स्फर पोर्टमधून (ब्लॉकमधल्या वाटेने) वर चढते. म्हणून चेंबर हवाबंदच हवा. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की सीलचे रबर वाळून कडक होते. डावीकडचे, म्हणजे प्रायमरी चेनच्या बाजूचे सील गेले तर गिअरबॉक्सचे ऑइल आत ओढले जाते: गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही, प्लग ओला होतो, ऑइलची पातळी उतरत जाते. उजवीकडचे, डायनॅमोच्या बाजूचे गेले तर रेस आपोआप चढते आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी लवकर उतरत नाही. ही दुसरी खूण धोक्याची, कारण जादा हवेने पिस्टन जाम होतो.

याची तपासणी घरी होते आणि ती इंजिन उघडण्याआधीच करावी असा आमचा आग्रह आहे. हातपंपाचे, डायलवाले बीपीचे यंत्र घ्या. पिस्टन तळाला आणा, प्लग लावलेला असू द्या. कार्ब्युरेटरचे तोंड आणि ब्लॉकवरच्या सायलेन्सरच्या दोन तोंडांपैकी एक रबराने घट्ट बंद करा. सायलेन्सरच्या दुसऱ्या तोंडात बुचातून नळी घाला आणि काटा ३०० वर येईपर्यंत पंप दाबा. हा दाब ६ पीएसआयच्या जरा आतच राहतो. याहून जास्त देऊ नका, नाहीतर चांगले सीलही जागचे हलेल. पाच मिनिटांत काटा फारसा उतरता कामा नये. उतरला तर सीलभोवती, ब्लॉकच्या बुडाशी आणि हेडच्या जोडावर साबणाचे पाणी लावा. बुडबुडा येईल तिथे दोष. इंजिन बांधून झाल्यावर हीच तपासणी पुन्हा करा.

उघडताना

कव्हरचे स्क्रू चपट्या खाचेचे असतात आणि खाच एकदा गेली की ड्रिलवर काम जाते. इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीच्या फटक्याने फिरणारा स्क्रू-ड्रायव्हर) वापरा. इंजिनाकडचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) क्रँकच्या निमुळत्या टोकावर, टेपरवर, घट्ट बसलेले असते. ते, प्रायमरी चेन आणि क्लच एकदमच बाहेर काढावे लागतात. स्प्रॉकेटला पुलरच लावा. पुलर नसेल तर आमच्याकडून दोन दिवसांसाठी न्या, पण क्रँकच्या टोकावर हातोडी मारू नका. त्या एका फटक्याने क्रँकची दोन्ही चाके एकमेकांपासून सरकतात आणि गाडी चालू झाल्यावर हँडलमध्ये थरथर येते.

चेंबरचे दोन भाग सुटत नसतील तर जोडात छिन्नी किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालू नका. एखादा स्क्रू राहिला आहे का ते बघा, मग चेंबर तापवा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, म्हणून १०० अंशांच्या थोडे वर गेले की बेअरिंग आपल्या वजनाने सुटते. पाण्याचा थेंब टाकताच चर्रकन उडाला की चेंबर तयार. तापवण्याआधी पेट्रोल-डिझेलचा थेंबही राहता कामा नये. बसवतानाही हेच: चेंबर गरम, बेअरिंग फ्रीजरमधून काढलेले. दोन्ही भाग एकत्र मशीन केलेले असतात. एक तुटला म्हणून दुसऱ्या इंजिनाचा जोडून चालत नाही.

साफसफाई

आता धुवा. उघड्यावर, आणि पेट्रोलने नको. बाल्कनीत किंवा पडवीत काम करणाऱ्यांनी गॅसची शेगडी आणि देवघरातला दिवा विझल्याची खात्री करूनच डिझेलच्या डब्याचे झाकण उघडावे. डिझेल आणि ब्रशने मळ काढा, नंतर गरम पाणी आणि भांड्यांचे लिक्विड. पिस्टनवरची काजळी बांबूच्या कामटीने खरवडा. पोलादी पात्याने ओरखडे पडतात. बिडाचा ब्लॉक धुतल्यावर लगेच कोरडा करून ऑइलचे बोट फिरवा. पावसाळ्यात तो दुपार संपायच्या आत गंजतो.

कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला अजिबात लावू नका. तो धातूच खातो आणि पेट घेणारा वायू सोडतो. हेड, चेंबर, पिस्टन, कार्ब्युरेटर यांपासून तो दूरच ठेवा. सायलेन्सरच्या आतल्या लोखंडी जाळीची काजळी मात्र त्याने निघते. ते काम आमच्याकडे टाकीत होते. चेंबर चकचकीत दिसावा म्हणून घाईने सँडब्लास्टिंग करून घेऊ नका. वाळूचे कण आट्यांत आणि बेअरिंगच्या जागेत लपतात, आणि नवे बेअरिंग पहिल्याच महिन्यात ओरडायला लागते. चेंबरवरचा इंजिन नंबर कानस, पॉलिश पेपर आणि बफ यांपासून जपा. तो आरसी बुकाशी जुळायला हवा.

आमच्याकडे काय द्यायचे

बोअरिंग आणि क्रँक. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून बघा: त्या दिशेने जाणवेल इतका खेळ चालत नाही, आडव्या दिशेने थोडा असतोच. क्रँक प्रेसवर उघडून, नवी पिन घालून, डायल गेजवर दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत सरळ करावा लागतो. घरच्या शिकंज्यात हे होत नाही. मूळ बोअर ६५ मिमीचा. ओव्हरसाइझ पिस्टन साधारण पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी मिळतात. पिस्टन बरोबर आणल्याशिवाय आम्ही ब्लॉक मशीनवर चढवत नाही, कारण प्रत्येक पिस्टन मापूनच त्याचा बोअर केला जातो. बोअरिंगनंतर पोर्टच्या कडा आम्ही हाताने मारून देतो. त्या धारदार राहिल्या तर रिंग अडकून तुटते.

बांधताना रिंग आधी एकटी बोअरमध्ये घाला, पिस्टनने ढकलून सरळ करा आणि टोकांमधली फट फिलर गेजने मापा. ०.२० ते ०.२५ मिमी योग्य. रिंगची टोके खाचेतल्या पिनवरच यायला हवीत. पिस्टन-पिन जागेवर धरणाऱ्या सर्कलिप (तारेच्या कड्या) दर वेळी नव्या, आणि त्या बसवताना चेंबरच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबून ठेवा. ब्लॉकखालच्या पॅकिंगची जाडी जुनीच ठेवा. ती बदलली की पोर्ट उघडण्याची वेळ बदलते. सिलिकॉन थापू नका, आत सुटलेला तुकडा बेअरिंगमध्ये जातो.

पहिले ५०० किलोमीटर लिटरला ५० मिली टू-टी ऑइल, पुढे ४० मिली. पहिल्यांदा सुरू केल्यावर ब्लॉकला हात लावता येईनासा झाला की बंद करून पूर्ण गार होऊ द्या. असे दोन-तीनदा करून मगच रस्त्यावर काढा. ५०० किलोमीटर होईपर्यंत आंबा, आंबोली किंवा करूळ घाट नको, डबल सीट नको, आणि वरच्या गिअरमध्ये गाडी रडवू नका.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तिची ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणी होऊ शकते. त्यासाठी चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असावे लागते. दुसरे इंजिन बसवण्याचा किंवा चेंबर कापण्याचा विचार असेल तर आधी आमच्याशी बोला.

बाहेरगावच्या ग्राहकांनी क्रँकच्या दोन्ही टोकांना रबराची नळी चढवून, चाकांच्या मधल्या फटीत लाकडाचा तुकडा घालून, ऑइल लावलेल्या कापडात तो लाकडी खोक्यातून पाठवावा. पुठ्ठ्याचे खोके नको. आत चिठ्ठीवर गाडीचे मॉडेल, पिस्टनचे माप, धुण्याआधी काय दिसले आणि बीपीच्या यंत्रावर काटा किती मिनिटांत किती उतरला ते लिहा. धुण्याआधीचे फोटो वेगळे पाठवा.