डुकरिणीचा खुराक, यकृत आणि गाभ

डुकरीण एका माजात पंधरा-वीस किंवा त्याहूनही जास्त बीजांडं सोडते आणि फळली की साधारण ११४ दिवसांनी विते. पण जेवढी बीजांडं तेवढी पिल्लं, असं कधीच होत नाही. बरेच गर्भ पहिल्या महिन्यातच जिरून जातात. भरपूर खाणाऱ्या माद्यांमध्ये ही गळती जास्त दिसली, तेव्हा त्यांच्या अंडाशयातच हॉर्मोन कमी तयार होत असेल, असं वाटणं साहजिक होतं.

गडबड निघाली यकृतात. गाभ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन अंडाशयात बनतं आणि यकृत ते मोडून टाकतं. खुराक वाढला की यकृताकडे जाणारं रक्तही वाढतं, आणि हॉर्मोन झपाट्याने साफ होतं. नळाची धार तीच, मोरी मात्र रुंद झालेली!

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९९०च्या दशकात याचा छडा लावला गेला. पहिलटकरणींना फळल्याबरोबर जादा खुराक दिला, तर प्रोजेस्टेरॉन संथ चढलं आणि गर्भ कमी वाचले. तोच खुराक, पण जोडीला प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं दिली, तर गर्भ तगले. खाणं आणि हॉर्मोन यांना असं वेगळं काढणं मला फार हुशारीचं वाटतं.

या हॉर्मोनवर गर्भाशयाचं अस्तर पोसतं, आणि त्याची खरी गरज अकराव्या-बाराव्या दिवशी लागते. तेव्हा मिलिमीटरांत मोजायचा गर्भाचा गोळा काही तासांत ताणून लांब धागा होतो आणि इस्ट्रोजेन सोडून ‘मी आलोय’ अशी वर्दी देतो.

मग सरसकट इंजेक्शन द्यावं का? माझ्या मते नाही. पहिले काही दिवस खुराक आवरला, तर तेच काम फुकटात होतं. (पिल्लांना पाजून खंगलेल्या मादीला मात्र उपाशी ठेवू नये, सगळ्या प्रयोगांचे निकाल सारखे नाहीत.)

शिवाय अंगावर चढलेली चरबी ही वेगळीच भानगड आहे, ती इंजेक्शनने उतरत नाही. लठ्ठ मादीला व्यायला जास्त वेळ लागतो. विल्यावर ती कमी खाते, दूध पाजताना झपाट्याने उतरते आणि पिल्लांचं दूध तोडल्यावर चार-सात दिवसांत यायचा माज लांबतो. तिथे ४०० आणि २०० युनिटांचं दोन गोनॅडोट्रोपिनांचं (अंडाशयाला चालना देणाऱ्या हॉर्मोनांचं) मिश्र इंजेक्शन माज आणू शकतं, पण तो झाला नंतरचा इलाज. त्याआधी, गाभणपणातच, शेवटच्या बरगडीपाशी कण्यापासून साडेसहा सेंटिमीटरवर सोनोग्राफीचा प्रोब टेकवून चरबीची जाडी मोजता येते. यंत्र नसेल तर कमरेच्या हाडावर तळहात दाबावा. जोर लावूनही हाड लागत नसेल, तर खुराक कमी करायची वेळ झाली.