राज्य फार्मसी कौन्सिलवर सदस्य कसे येतात? पात्रता, प्रक्रिया आणि आधी तपासायची कागदपत्रे

औषध दुकानात काउंटरमागे उभ्या असलेल्या फार्मासिस्टची नोंदणी राज्य फार्मसी कौन्सिल करते. या कौन्सिलवर कोण बसणार, हे फार्मसी कायदा, 1948 चे कलम 19 ठरवते.

एकूण जागा 15. त्यांपैकी 6 सदस्य राज्यातले नोंदणीकृत फार्मासिस्ट आपल्यातूनच निवडून देतात. 5 राज्य सरकार नेमते. त्यांतले किमान 3 फार्मसीचे पदवी किंवा पदविकाधारक अथवा नोंदणीकृत फार्मासिस्ट असावे लागतात. एक जण राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडून निवडून येतो. उरलेले तिघे पदसिद्ध : राज्याचे मुख्य वैद्यकीय प्रशासकीय अधिकारी, औषध नियंत्रण यंत्रणेचे प्रमुख आणि शासकीय विश्लेषक.

सरकारी नेमणुकीच्या 5 जागांसाठी कायद्यात अर्जाचा कोणताही नमुना नाही. त्यामुळे सामान्य फार्मासिस्टला आपल्या बळावर जाता येईल अशी वाट निवडणुकीचीच. उमेदवारी अर्ज, छाननी, माघार आणि मतदानाच्या तारखा निवडणूक सूचनेत दिलेल्या असतात. अर्जाचा नमुना, शुल्क आणि जोडायची कागदपत्रेही त्या सूचनेवरूनच घ्या, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या पीडीएफवरून नको.

खरी अडचण मात्र त्याआधीच येते. मतदार असो वा उमेदवार, नाव नोंदवहीत चालू असलेच पाहिजे. नूतनीकरण शुल्क मुदतीत भरले नाही तर कलम 34 नुसार निबंधक नाव काढून टाकतात. ते परत लावता येते, पण ऐन निवडणुकीत ही धावपळ परवडत नाही. म्हणून नोंदणी प्रमाणपत्र आणि नूतनीकरणाची शेवटची पावती आजच काढून बघा. नोंदवहीत घरचा पत्ता, पात्रता, व्यवसायाचा पत्ता आणि नोकरी असेल तर मालकाचे नाव असते. दुकान बदलले, घर बदलले, लग्नानंतर नाव बदलले, तर पुराव्यासह दुरुस्ती करून घ्या. आधारवर एक स्पेलिंग आणि प्रमाणपत्रावर दुसरे असेल तर तेही आताच निस्तरा.

निवडून आलेल्या आणि नेमलेल्या सदस्यांची मुदत 5 वर्षे असते. उत्तराधिकारी येईपर्यंत ते पदावर राहतात आणि पुन्हा उभेही राहू शकतात. पुरेशा कारणाशिवाय सलग 3 बैठकांना गैरहजर राहिल्यास जागा रिकामी झाली असे धरतात. फार्मासिस्टांनी निवडून दिलेल्या सदस्याची स्वतःची नोंदणी गेली, तर पदही जाते. मधेच रिकामी झालेली जागा उरलेल्या मुदतीपुरती भरतात. निवडणुकीबद्दल वाद झाला तर तो राज्य सरकारकडे जातो आणि सरकारचा निर्णय अंतिम असतो.

अध्यक्ष आणि उपाध्यक्ष सदस्य आपल्यातून निवडतात. ते दोघे आणि सदस्यांनी निवडलेले इतर काही जण मिळून कार्यकारी समिती होते. एखाद्या फार्मासिस्टविरुद्ध प्रकरण उभे राहिले तर त्याची बाजू ऐकून नाव नोंदवहीतून काढण्याचा आदेश हीच समिती देऊ शकते. आपल्या रोजीरोटीवर ज्यांचा असा अधिकार चालतो, त्यांना निवडण्याचे मत नूतनीकरणाच्या एका पावतीपायी घालवू नका.