बंकम

बंकम म्हणजे पोकळ भाषण, समोरच्याला पटवण्यापेक्षा घरच्या मतदारांना खूश करायला ठोकलेलं. पुढे अर्थ सैल होत गेला आणि आता इंग्रजीत कुठल्याही थापेबाजीला, भंपक बोलण्याला बंकम म्हणतात.

हा शब्द एका जिल्ह्याच्या नावावरून आलाय. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या पश्चिमेला, डोंगराळ भागात बंकम काउंटी आहे, अ‍ॅशव्हिल हे तिथलं मुख्य शहर. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या कर्नल एडवर्ड बंकम यांचं नाव या काउंटीला दिलेलं, म्हणजे मूळ नाव एका सैनिकाचं आणि त्याचा अर्थ झाला बडबड, हे मला तरी फार अन्यायाचं वाटतं.

झालं असं की 1820 च्या फेब्रुवारीत अमेरिकन काँग्रेसमधे मिसूरीचा प्रश्न गाजत होता. मिसूरीला राज्य म्हणून घ्यायचं तर तिथे गुलामगिरी चालू ठेवू द्यायची की नाही, यावर चर्चा लांबत चाललेली, सगळे दमलेले आणि मतदान घ्या म्हणून ओरडा चालू, अशात फेलिक्स वॉकर बोलायला उभे राहिले. बंकम काउंटी त्यांच्याच मतदारसंघात होती. सहकाऱ्यांनी बसा बसा केलं तरी ते हटेनात, कारण त्यांचं म्हणणं असं की लोकांची अपेक्षा आहे, मला बंकमसाठी बोललंच पाहिजे. झालं, 'बंकमसाठी बोलणं' हा वाक्प्रचारच पडला, आणि उच्चाराप्रमाणे लिहिता लिहिता स्पेलिंगही बदललं.

हा किस्सा नेहमी गंमत म्हणून सांगतात, पण त्या दिवसांत सभागृहात ठरत होतं ते हजारो माणसं गुलाम राहणार की नाही हे. मार्चमधे तडजोड झाली, मिसूरी गुलामगिरीसकट आत आलं आणि तोल सांभाळायला मेन हे गुलामगिरी नसलेलं राज्य घेतलं. शब्दाची गोष्ट सांगताना एवढं तरी सांगायलाच हवं, कारण पोकळ भाषणाची किंमत नेमकी अशा वेळी कळते.

बंकमचं आखूड रूप बंक. ते गाजलं हेन्री फोर्डमुळे, 1916 मधे शिकागो ट्रिब्यूनच्या मुलाखतीत फोर्ड बोलून गेले की इतिहास म्हणजे बहुतेक सगळा बंकच. मग 1923 मधे विल्यम वुडवर्ड या लेखकाने 'बंक' याच नावाच्या कादंबरीत डिबंक हे क्रियापद वापरलं, म्हणजे एखाद्या गोष्टीतला बंक काढून टाकणं, खोटेपणा उघडा पाडणं. आज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी अफवा कुणी तपासून खोटी ठरवली की ती डिबंक केली असं आपण म्हणतो ते हेच, आणि मला वाटतं या सगळ्या खानदानातला सर्वात कामाचा शब्द हाच.

कॉलेजात लेक्चर बंक करतात तो बंक मात्र वेगळा. तो ब्रिटिश बोलीतला, पळ काढणे या अर्थाचा, त्याचा या काउंटीशी काही संबंध नाही. एकावर एक असलेल्या बंक बेडमधला बंकही वेगळाच.