विंचू, आयोडीन आणि वाशी

विंचवाच्या विषापासून मेंदूच्या कर्करोगावर औषध म्हटलं की आधी धास्ती वाटते ती विषाची. कोकणच्या वेशीवरच्या नवी मुंबईत तर वाटणारच. लाल विंचवाने तिकडे कितीतरी जीव घेतले आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरायला घेतल्यावर कुठे मृत्यू घटले. या प्रायोगिक उपचारात मात्र जपायचं ते विषाला जोडलेल्या किरणोत्सारी आयोडीनपासून.

क्लोरोटॉक्सिन हा ३६ अमिनो आम्लांचा तुकडा १९९३मध्ये वाळवंटी पिवळ्या विंचवाच्या विषातून वेगळा केला गेला. तो ग्लायोमाच्या, म्हणजे मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठीच्या, पेशींना चिकटतो, हे पुढे अलाबामात हॅराल्ड सॉन्थायमर यांच्या प्रयोगशाळेत दिसलं. मग प्रयोगशाळेत बनवलेल्या क्लोरोटॉक्सिनला आयोडीन-१३१ जोडलं. नाव दिलं टीएम-६०१. पहिल्या टप्प्याची १८ रुग्णांवरची चाचणी २००६मध्ये प्रसिद्ध झाली. गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीत १० मिलिक्युरीची (क्युरी हे किरणोत्साराचं माप) मात्रा सोडली होती. जे चिकटलं नाही, ते एक-दोन दिवसांत बहुतांश लघवीवाटे गेलं.

सगळी सावधगिरी इथूनच सुरू होते. आयोडीन-१३१चे बीटा किरण ऊतीत जेमतेम दोन मिलिमीटर जातात. गाठीवर मारा करतात ते हेच. गॅमा किरण मात्र शरीराबाहेर पडून नर्सपर्यंत पोचतात. सुटं झालेलं आयोडीन थायरॉइडमध्ये साठतं, म्हणून पोटॅशियम आयोडाइड आधीच सुरू करतात.

हे धडे थायरॉइडच्या उपचारांनी कधीच दिले होते. बॉस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी १९४१मध्ये किरणोत्सारी आयोडीन रुग्णाला दिलं. आपल्याकडे परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३चं. ट्रॉम्बेच्या अणुभट्टीतलं आयोडीन खाडीअलीकडे नवी मुंबईत वाशीला 'ब्रिट' या किरणोत्सारी पदार्थ पुरवणाऱ्या सरकारी संस्थेत येतं आणि औषध होऊन देशभरच्या रुग्णालयांत जातं. पाम बीच रोडने रोज जाणाऱ्या किती जणांना याची कल्पना असेल! १९८३मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ आलं. किरणांशी काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला पोचलेल्या किरणांचं माप), कुठल्याही एका वर्षात ३० आणि सामान्य माणसाला वर्षाला १, अशा मर्यादा आहेत. रुग्णाचं सांडपाणी किरणोत्सार ओसरेपर्यंत डिले टँक नावाच्या टाकीत साठवून ठेवतात. आठ दिवसांत किरणोत्सार निम्मा होतो, ऐंशी दिवसांत हजारावा भाग उरतो.

थायरॉइडचा रुग्ण कॅप्सूल स्वतः गिळतो, बाकीचे लांब उभे राहतात. टीएम-६०१मध्ये ती सोय नव्हती. डोक्याच्या त्वचेखाली बसवलेल्या कुपीत कोणाला तरी जवळ वाकून सुई टोचावीच लागते. छातीवरच्या, किरणांची मात्रा मोजणाऱ्या टीएलडी बॅजला बोटांवर किती मारा झाला ते कळत नाही. त्यासाठी बोटात वेगळी डोसिमीटरची अंगठी लागते.

टीएम-६०१ बाजारात आलंच नाही. इंटरनेटवर विकले जाणारे 'विंचवाचे थेंब' म्हणजे ते नव्हे, हेही सांगायला हवं. क्लोरोटॉक्सिन मात्र टिकून आहे: गाठ चमकवून सर्जनला दाखवणारा रंग म्हणून, आणि कार-टी पेशींना, म्हणजे कर्करोगावर सोडायला बदल केलेल्या प्रतिकारपेशींना, वाट दाखवायला. या दोन्हींत आयोडीन नाही, त्यामुळे डिले टँकचीही गरज नाही.