एरंडेल घेऊन आतडी सुटत नाहीत

दादरच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरत होता: ऑपरेशननंतर आतडी चिकटली तर रोज रात्री एरंडेल घ्या, सगळं मोकळं होतं. खाली अंगठ्यांची रांग. अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन गेलेल्या, पोटात अधूनमधून कळ येणाऱ्या शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘घेऊ का रे?’ नको म्हटलं. का नको, ते सांगतो.

अंडाशयाचा कॅन्सर बहुतेकींमध्ये उशिरा सापडतो. तोवर त्याच्या पेशी पोटभर पसरलेल्या असतात, त्यामुळे ऑपरेशनही मोठंच होतं. अंडाशय आणि गर्भाशयाबरोबर आतड्यांपुढे लोंबणारा चरबीचा पडदा निघतो, क्वचित आतड्याचा तुकडाही. या सगळ्यात सोलवटतं ते पेरिटोनियम, म्हणजे पोटाला आतून आणि आतड्यांना बाहेरून मढवणारं पातळ अस्तर. त्याच्या पृष्ठभागावर पेशींचा जेमतेम एक थर असतो, पण सगळं उलगडलं तर ते आपल्या कातडीइतकं पसरेल.

हे अस्तर भरून येतं ते अजब रीतीनं. कातडीची जखम कडेकडून भरत येते, म्हणून मोठ्या जखमेला जास्त दिवस लागतात. पेरिटोनियम मात्र जखमेवर सगळीकडे एकदमच उगवतं. रुपयाएवढी जखम असो की तळहाताएवढी, साधारण आठवडाभरात नवा थर तयार.

मग बिघडतं कुठे? सोललेल्या जागेतून पाझरणाऱ्या द्रवात फायब्रिन नावाच्या प्रथिनाचं जाळं तयार होतं. ते खळीसारखं चिकट असतं. दोन सोललेले भाग एकमेकांना टेकले की चिकटतात. ही खळ काढायची सोयही शरीरातच आहे. अस्तराच्या पेशी टीपीए नावाचं रसायन सोडतात, त्यामुळे प्लाझ्मिन हे विकर जागं होतं आणि फायब्रिनचे तुकडे करतं. लकव्याच्या झटक्यात मेंदूतली गुठळी विरघळवायला डॉक्टर देतात ते हेच टीपीए. पण ऑपरेशननंतर जखमी पेशींचं टीपीए घटतं आणि त्याला अडवणारं पीएआय-१ वाढतं. पहिल्या काही दिवसांत फायब्रिन विरघळलं नाही, तर त्यात फायब्रोब्लास्ट म्हणजे धागे विणणाऱ्या पेशी शिरतात, कोलॅजन या चिवट प्रथिनाचं जाळं विणतात, मागोमाग रक्तवाहिन्या आणि नसांचे धागेही येतात. आता ती खळ राहिली नाही, जिवंत पट्टा झाला.

एरंडेल जातं आतड्याच्या आतून. पट्टा आहे बाहेरून. दोघांची गाठच पडत नाही. उलट आतडं कुठे अडलेलं असेल, तर एरंडेलानं ते आणखी जोरानं आवळतं आणि ताण वाढतो. ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून देणारेही परळपासून विरारपर्यंत भेटतात. पट्टा चोळून सुटत नाही.

मग दुर्बिणीतून पट्टे कापून टाकावेत का? जुनाट पोटदुखीच्या १०० रुग्णांवर नेदरलँड्समध्ये हे करून पाहिलं, निकाल २००३ मध्ये आला. काहींचे पट्टे कापले, बाकीच्यांच्या पोटात नुसती दुर्बीण घालून पाहिलं. वर्षभरानं आराम दोन्हीकडे सारखाच! कापलं की पुन्हा सोललेल्या जागा, पुन्हा फायब्रिन. शिवाय दुखण्याचं मूळ दर वेळी पट्ट्यातच नसतं. टाक्यांजवळच्या दुखावलेल्या नसा असतात, आणि मॉर्फिनसारख्या गोळ्यांचा मलावरोध तर बऱ्याच जणींना छळतो.

पोटात कळ आली की पहिला विचार येतो, ‘परत आला का?’ कॅन्सर परतलाय का ते बघायला रक्तात तपासतात त्या सीए-१२५ चा आकडाही इथे फसवतो. हे प्रथिन पेरिटोनियमच्या पेशीही बनवतात, त्यामुळे ऑपरेशननंतर काही आठवडे नुसत्या सुजेनंही तो चढलेला असू शकतो.

पण कळा थांबून थांबून येताहेत, उलट्या होताहेत, पोट टम्म झालंय आणि संडास सोडाच, गॅसही सरत नाही, तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठायची. तिथे बहुधा सीटी स्कॅन होतो. त्यात पट्टा सहसा दिसत नाही. आतडं एका जागेपर्यंत फुगलेलं आणि पुढे एकदम बारीक झालेलं दिसतं. त्या जागी गाठ दिसली तर आजार परतल्याचा संशय. काहीच दिसलं नाही तर बहुतेक वेळा दोष पट्ट्याचा, आणि अशी अडलेली पुष्कळ आतडी नाकातून नळी घालून पोट रिकामं ठेवलं आणि सलाइन दिलं की ऑपरेशनविना सुटतात.